घरी बांधलेला लाकडी कॅम्पर ट्रेलर: पाणी कुठून शिरतं ते आधी बघा

माझा पहिला ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं, आत झोपता येणारं लाकडी खोकं, तीन पावसाळे टिकला, चौथ्याच्या आधी मी तो स्वतःच्या हाताने मोडला. मागच्या डाव्या कोपऱ्यात तळाच्या प्लायला अंगठा लावला तर तो दबला. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला. वरचा रंग मात्र काल लावल्यासारखा दिसत होता. एकेक पट्टी उचकटत मी मागे मागे गेले, तेव्हा कळलं की पाणी त्या कोपऱ्यात शिरलंच नव्हतं. ते शिरलं होतं मीटरभर वर, छपराच्या कडेला लावलेल्या ॲल्युमिनियम पट्टीच्या एका स्क्रूतून. तिथून भिंतीच्या आतल्या आत उतरत ते खाली साचत राहिलं होतं.

दुसरा ट्रेलर बांधला त्याला आता सात वर्षं झाली. आकार तोच, प्लायही जवळपास तसाच. फरक एवढाच की या वेळी प्रत्येक सांध्याशी थांबून आधी पाण्याचा विचार केला. तुम्ही बांधायच्या विचारात असाल तर लाकूड आणायच्या आधी हे वाचा.

आकाराचा फार खल करू नका. पुढून गोल आणि मागे उतरत जाणारा, पाण्याच्या थेंबासारखा टिअरड्रॉप १९३० च्या दशकात अमेरिकेत लोकांनी घरच्या घरी बांधायला सुरुवात केली, आणि तो अजून टिकून आहे याला कारण आहे. पूर्ण बाजू ८ फूट × ४ फुटांच्या एका शीटमधून निघते, मध्ये सांधा येत नाही. आत दोघांना झोपायला जागा, मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा. उभं राहता येत नाही, ही एक तडजोड. ती नको असेल तर वजन, वारा आणि खर्च तिन्ही वाढतात.

वजन आणि सांगाडा

सगळ्यात आधी गाडीचं पुस्तक काढा आणि ओढण्याची क्षमता किती दिली आहे ते बघा. कित्येक छोट्या गाड्यांना ट्रेलर ओढायची परवानगीच नसते. तुमच्या भागात घरी बांधलेल्या ट्रेलरची नोंदणी कशी होते, रुंदी, दिवे आणि ब्रेक यांचे नियम काय, हेही आत्ताच विचारून घ्या. बांधून झाल्यावर कळलं तर बदलायला फार उशीर झालेला असतो.

मग वजनाची वही घाला. १८ मिमी जाडीचं एक पूर्ण शीट ३५ किलोच्या आसपास भरतं, ६ मिमीचं ११-१२ किलो. प्रत्येक तुकडा कापला की वजन करून लिहायचं. माझा ट्रेलर रिकामा ३४० किलो भरला, सामानासकट ४३०.

लोखंडी सांगाडा मी वेल्डरकडून करून घेतला आणि तेच योग्य वाटतं. ज्याच्यावर रस्त्यावरच्या इतरांचा जीव अवलंबून आहे तिथे शिकाऊ वेल्डिंग नको. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, ३ मिमीपेक्षा जास्त फरक निघाला तर तिथेच दुरुस्त करून घ्या. पुढे दारं बसताना तो फरक छळतो.

ॲक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, जागेबद्दल मात्र नीट ऐका. खोक्याच्या पुढच्या टोकापासून साधारण ६० टक्के अंतरावर, हा फक्त पहिला अंदाज. ॲक्सल धरणाऱ्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या आधाराला लगेच वेल्डिंग करू नका, बोल्टवर ठेवा. खोकं तयार झालं, बॅटरी, पाण्याचा कॅन, गाद्या जागेवर आल्या की सपाट जमिनीवर, गाडीला जोडायच्या पुढच्या दांड्याचं टोक गाडीच्या हुकाइतक्या उंचीवर वजनकाट्यावर टेकवा. न्हाणीघरातला साधा काटा चालतो. अमेरिकेत एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांड्यावर धरतात, युरोपात ५ ते ७ टक्के. तुमच्या गाडीच्या हुकाला किती चालतो ते पुस्तकात असतं, ते शेवटचं. माझा काटा पहिल्यांदा २६ किलो दाखवत होता, कारण ओटा, भांडी, पाणी सगळं मागे. असा ट्रेलर वेग वाढला की मागे झुलायला लागतो आणि ते झुलणं गाडीलाही फिरवतं. मी बॅटरी पुढच्या पेटीत नेली, ॲक्सल ९ सेंटिमीटर मागे सरकवला आणि ५२ किलोवर आणला. मगच आधार पक्के केले.

प्लाय

दुकानदार मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारं, म्हणतो म्हणून विश्वास ठेवू नका. तळहाताएवढा तुकडा मागून घ्या, घरी आठ तास उकळा, रात्रभर वाळवा, पुन्हा उकळा. मी तीन वेळा उकळते. पदर सुटायला लागले तर ते प्लाय ट्रेलरसाठी नाही. कापलेली कडही डोळ्यांजवळ धरून बघा. आतल्या पदरांमध्ये पोकळ्या दिसल्या तर पाणी नेमकं तिथे जाऊन बसतं आणि बाहेर यायला त्याला वाट नसते.

बाजूची रेषा कागदावर काढून मोठी करण्यापेक्षा थेट शीटवर काढा. मुख्य पाच-सहा बिंदूंवर खिळे ठोका, त्यांना टेकवून एक लांब, बिनगाठीची, लवचीक पट्टी वाकवा आणि दूर उभं राहून बघा. कुठे टेंगूळ असेल तर डोळ्याला लगेच टोचतं. मी दोन संध्याकाळी नुसती बघत होते, आणि तो वेळ वाया गेला नाही. पहिली बाजू रेषेच्या बाहेर २ मिमी ठेवून कापा, घासून रेषेवर आणा, मग तिलाच साचा धरून दुसरी राउटरने, म्हणजे कड कापणाऱ्या यंत्राने, काढा. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या आल्या नाहीत तर छप्पर पिळतं.

स्क्रूचं प्रत्येक भोक

माझे बाबा सुतारकाम करायचे. ते म्हणायचे, लाकूड पाठीने पाणी पीत नाही, तोंडाने पितं. तोंड म्हणजे आडवा कापलेला शेवट. तिथे भिंग धरलं तर लाकूड म्हणजे नळ्यांची जुडी आहे हे दिसतं. प्लायच्या कडा आणि स्क्रूची भोकं ही सगळी तोंडंच.

म्हणून बाहेरच्या हवेशी संबंध येणारा एकही स्क्रू मी थेट लाकडात घालत नाही. ५ मिमीचा स्क्रू असेल तर आधी १० मिमीचं भोक पाडते. आतून पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळले की घट्ट होणारी राळ) ब्रशने फिरवते, मग त्याच इपॉक्सीत सिलिकाची भुकटी मिसळून दाट केलेला लगदा भरते. दुसऱ्या दिवशी तो दगडासारखा झाला की त्याच्या मधोमध स्क्रूच्या मापाचं बारीक भोक. आता स्क्रूच्या वाटेने पाणी आलं तरी त्याला लाकूड भेटतच नाही. होडी बांधणारे लोक हेच करतात. माझ्या ट्रेलरला अशी २१४ भोकं आहेत. वेळखाऊ काम आहे, पण पहिल्या ट्रेलरचा कोपरा एका न भरलेल्या भोकामुळे गेला हे मी विसरू शकत नाही.

इपॉक्सीचा हात फिरवायचा तो दुपार उलटून ऊन उतरायला लागल्यावर. सकाळी लावलात तर तापत जाणाऱ्या लाकडातली हवा फुगून बाहेर येते आणि थरभर बुडबुडे उठतात. उतरत्या तापमानात लाकूड इपॉक्सी आत ओढून घेतं. कडांना तीन हात, मधल्या भागाला दोन. वाळल्यावर हाताला मेणचट लागलं तर आधी साध्या पाण्याने खरवडून पुसा, मगच घासा, नाहीतर पुढचा थर धरत नाही. मिश्रण डब्यात ठेवू नका, उथळ ताटलीत पसरा. खोल डब्यात ते स्वतःच्या उष्णतेने उकळून धुरायला लागतं. हातमोजे प्रत्येक वेळी घाला, कारण याची ॲलर्जी एकदा जडली की जन्माची. आणि इपॉक्सीला ऊन सोसत नाही. वर रंग किंवा ऊन अडवणारं व्हार्निश हवंच.

छप्पर आणि मागचं झाकण

छपराचे वासे बाजूंच्या खाचांत बसवा, सपाट भागात ३० सेंटिमीटरवर, वळणावर १५ सेंटिमीटरवर. वर ३ मिमीचं प्लाय. हे प्लाय कुठल्या दिशेने ठेवता यावर सगळं आहे. वरच्या पदराची रेषा, म्हणजे लाकडाच्या शिरांची दिशा, ट्रेलरच्या रुंदीला समांतर असेल तर ते मुकाट्याने वाकतं, लांबीला समांतर असेल तर कडकन मोडतं. माझी रुंदी १५०० मिमी असल्यामुळे शीट आडवं टाकून कापता आलं आणि सांधे वाशांवर आले. पुढच्या घट्ट वळणासाठी प्लायवर गरम पाण्यात पिळलेले टॉवेल अर्धा तास ठेवले, पट्ट्यांनी आवळत आवळत बसवलं, आणि तसंच दोन दिवस वाळू दिलं. ओल्या प्लायला चिकट लावू नका.

झाकणाने मला दोनदा रडवलं, म्हणून ते सविस्तर सांगते. पहिल्या खेपेला मी फासळ्या पातळ पट्ट्या वाकवून, एकावर एक चिकटवून केल्या. ट्रेलरवर बसलेलं असताना झाकण देखणं दिसत होतं. क्लॅम्प सोडले आणि खालची कड भिंतीपासून २५ मिमी बाहेर आली. वाकवलेलं लाकूड सरळ व्हायला बघतं, त्याला धरून ठेवणारं आत काही नव्हतं. ओढून कुलूप लावलं तर कोपरे पिळायचे. ते झाकण मी टाकून दिलं.

दुसऱ्या खेपेला फासळ्या १८ मिमी प्लायमधून सरळ त्या आकारातच कापल्या, पाच नग, प्रत्येकीचं खालचं टोक मुद्दाम ६ मिमी आत वळवून. चौकट ट्रेलरवर तिच्या जागी बसवली, दोन्ही बाजूंना ४ मिमीच्या फटी राहतील अशा चिपा ठोकल्या. आतलं प्लाय चिकटवलं, पोकळीत फोम भरला, बाहेरचं प्लाय चिकटवलं, आणि पट्ट्यांनी आवळून तीन दिवस हातसुद्धा लावला नाही. दोन्ही कातडी एकत्र घट्ट झाल्या की ती पेटी हलत नाही. पट्टे सोडले तेव्हा कड १ मिमीही सरकली नाही. मी बराच वेळ तिथेच बसून होते. झाकण उचलून धरणारे गॅसचे दांडे यानंतर, झाकणाचं वजन करून मगच घ्या. माझं १४ किलो होतं. गरजेपेक्षा जोरदार दांडे चांगल्या झाकणालाही पिळतात.

झाकणाच्या रबराच्या भरवशावर राहू नका. रबर आज ना उद्या चपटं होतं. त्याच्या आत दोन्ही बाजूंना मी ॲल्युमिनियमची पन्हळ लावली, खाली बाहेर सोडलेली. रबरातून आलेलं पाणी पन्हळीतून निघून जातं, ओट्यापर्यंत पोचत नाही. दाराच्या उंबऱ्याखालीही कडेपासून १० मिमी आत ३ मिमीची एक खाच पाडा. पाणी खालच्या अंगाने सरपटत खाचेशी येतं, थेंब होतं आणि पडतं.

खिडक्या, वरचा पंखा, कडेच्या पट्ट्या यांच्याखाली ब्युटाइलची, म्हणजे चिकट मऊ रबराची, पट्टी. ती वर्षानुवर्षं मऊ राहते आणि लाकडाच्या फुगण्या-आकसण्याबरोबर हलते. सिलिकोन मी दुकानातूनच आणत नाही, कारण ते एकदा लागलं की त्या जागी पुढे रंगही धरत नाही आणि नवं सिलिकोनही. खिडकीच्या चौकटीची खालची कड मात्र मोकळी सोडा. आत गेलेल्या थेंबाला बाहेर पडायला वाट लागते.

श्वासाचं पाणी

दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, त्यातूनच भिंतींवर ओल धरते. छपराला पंखा आणि खाली कुठेतरी हवा आत यायला जाळी, दोन्ही हवंत. भिंतीत आणि छपरात २५ मिमीचा निळा किंवा गुलाबी दाट फोम घातला तर आतलं प्लाय गार पडत नाही आणि घाम कमी येतो. शेगडी कधीही, कितीही थंडी असली तरी, आत पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म झोपायच्या जागी लावाच.

वायरिंग १२ व्होल्टचं, फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ जमेल तितका जवळ. मागच्या दिव्यांची अर्थ वायर वेगळी ओढा. ती हुकाच्या गोळ्यातून मिळेल या भरवशावर ठेवली तर दिवे ऐन रस्त्यावर लुकलुकतात. पहिल्या फेरीत ५० किलोमीटरवर थांबा, चाकांचे नट पुन्हा पान्याने आवळा आणि चाकाच्या मधल्या भागाजवळ हात नेऊन बघा. एक बाजू दुसरीपेक्षा तापली असेल तर बेअरिंग बघायला हवं.

एक काम आतली सजावट लावायच्या आधीच करा. सगळे सांधे आतून उघडे असताना कडांना टिश्यू कागदाच्या पट्ट्या चिकटवा आणि बाहेरून पाइपने पाणी मारा. खालून सुरुवात करून पंधरा-पंधरा मिनिटांनी वर सरका, म्हणजे गळती नेमकी कोणत्या उंचीला आहे ते कागद सांगतो. वरून सुरुवात केलीत तर सगळंच ओलं होतं आणि काहीच कळत नाही. मला पंख्याच्या एका कोपऱ्यात गळती सापडली, पंखा काढून पुन्हा बसवला.

चारही खालच्या कोपऱ्यांत मी मुठीएवढी झाकणं ठेवली आहेत, दोन स्क्रूंवर उघडणारी. दर वर्षी पाऊस संपला की ती उघडून आत ओलावामापकाच्या सुया टेकवते. लाकूड २० टक्क्यांच्या खाली असेल तर कुजत नाही. या वर्षी मागचा डावा कोपरा १२ दाखवत होता.