इंदुरात घर बघायला रात्री नऊनंतर जा

पुण्या-नाशकाहून बदली होऊन किंवा लग्न होऊन इंदुरात येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बायपासवरच्या टाउनशिपमध्ये घर घ्यावं की गावात? माझं उत्तर इतक्या वर्षांत बदललेलं नाही. गावात घ्या. त्यातही अशा गल्लीत घ्या, जिथे खालच्या शटरमध्ये कोणीतरी काहीतरी विकतंय आणि वरच्या गॅलरीत कपडे वाळतायत. बायपासला पोहायचा तलाव मिळेल, क्लब हाऊस मिळेल, पण कोथिंबिरीच्या जुडीसाठी गाडी काढावी लागेल आणि वर्ष उलटलं तरी समोरच्या फ्लॅटमधल्यांचं आडनाव कळलेलं नसेल.

जुनं इंदूर वाढलंच मुळी असं. खाली पेढी, वर बिऱ्हाड, पुढे ओटला, म्हणजे दारापुढचा ओटा. सराफ्यात, म्हणजे सराफ बाजारात, तर एकच जागा दोन पाळ्यांत चालते. दिवसभर सोन्याचांदीचा व्यवहार, आणि रात्री दुकानं वाढवली की त्याच ओटल्यांपुढे खाण्याची दुकानं लागतात. भुट्ट्याचा कीस, दहीवडा, हिवाळ्यात गराडू हा तळलेला कंद, मध्यरात्र उलटून गेली तरी गर्दी हटत नाही. खाणाऱ्यांची सोय होते आणि सराफांना रात्रीची राखण आपसूक मिळते, असं इथले जुने लोक सांगतात. हल्ली खाण्याच्या गाड्या फार झाल्या, अशी सराफांची कुरकुर असते, आणि ती खोटी नाही. नवीन माणसानं सराफ्यात एकदा हौस म्हणून जावं. रोजचं ठिकाण ते नव्हे.

या गावाला शंभर वर्षांपूर्वी एक शहाणा सल्लागार भेटला होता. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबारासाठी इथे राहिला आणि १९१८ साली त्यानं शहराबद्दल दोन खंडांचा अहवाल दिला. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता कापत न्यायला त्याचा विरोध होता. जे घर खरंच मोडकळीला आलंय तेवढंच काढा, त्या जागी थोडी मोकळीक ठेवा, झाड लावा, बाकीचं आहे तसं नांदू द्या, असं त्याचं म्हणणं. अलीकडे मात्र बडा गणपती ते कृष्णपुरा या पट्ट्यात रस्ता रुंद करताना घरांचे पुढचे भाग कापले गेले. वाहतुकीला त्याची गरज असेलही. पण ओटला गेला की त्यावर संध्याकाळी बसणारी माणसं जातात आणि घराचं दार एकदम गाड्यांच्या अंगावर उघडतं. म्हणून जुन्या भागात घर बघताना ते रुंदीकरणाच्या आखणीत येतं का, हे महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात आधी विचारून घ्या.

बहुतेकांना प्रत्यक्षात मिळेल ती ‘मल्टी’. इथे फ्लॅटच्या इमारतीला हेच नाव आहे. सुदामानगर, टिळकनगर, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर या वसाहतींत पूर्वी प्लॉटवर बैठी घरं होती. मुलं बेंगळुरूला किंवा परदेशात गेली, आईवडील थकले, की बंगला बिल्डरकडे जातो आणि त्या जागी पार्किंग, वर तीन-चार मजले, दर्शनी बाजूला दोन शटर उभी राहतात. जुने रहिवासी हळहळतात. मला यात फारसं वाईट दिसत नाही. रस्ता, ड्रेनेज, शाळा, डॉक्टर सगळं आधीच तिथे आहे. एका कुटुंबाच्या जागी सहा कुटुंबं आली तर कोपऱ्यावरचा किराणावाला तगतो, आणि तो तगला तर म्हाताऱ्या माणसाला चालत जायला एक जागा उरते.

अडचण असते ती शटरमध्ये काय येणार याची. क्लिनिक, शिंपी, पोळी-भाजी केंद्र असेल तर डोळे झाकून घ्या. हॉटेल असेल तर धुराड्याचं तोंड कुठल्या खिडकीकडे आहे ते बघा. कोचिंग क्लास असेल तर संध्याकाळी शेकडो दुचाक्या तुमच्या फाटकाला टेकतील. भंवरकुआँ भागात हे रोजचंच. बेसमेंट नकाशात पार्किंग म्हणून मंजूर आणि प्रत्यक्षात गोदाम, हा प्रकारही सर्रास दिसतो. प्रशासन अधूनमधून अशी बेसमेंट सील करतं, तेव्हा भाडेकरूची गाडी पहिली रस्त्यावर येते. मंजूर नकाशा मागा. ‘नंतर दाखवतो’ म्हणणाऱ्याला आपणही ‘नंतर घेतो’ म्हणावं. आणि जवळपास मॅरेज गार्डन, म्हणजे लग्नांसाठी भाड्यानं देतात ते मोकळं आवार, आहे का, हे दुपारी कळत नाही. म्हणून घर बघायला रात्री नऊनंतर एक चक्कर माराच, शक्य असेल तर लग्नसराईत.

दुसरा प्रश्न पाण्याचा: “नर्मदा आहे की बोरिंग?” घरमालक दोन्ही म्हणेल. नर्मदेचं पाणी सत्तरेक किलोमीटरवरच्या जलूदहून चढवून आणतात, त्यामुळे बऱ्याच भागांत ते एक दिवसाआड येतं. सहा कुटुंबांना टाकी पुरते का, हे खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारा. दलालाला विचारून उपयोग नाही. कचऱ्याचं मात्र पहिल्या दिवसापासून शिस्तीत करा. गाणं वाजवत गाडी दारात येते आणि गाडीत सहा प्रकारांसाठी वेगळे कप्पे असतात. ओला-सुका एकत्र दिलात तर गाडीवरचा भाऊ सगळ्या गल्लीसमोर परत करतो. तुमची ओळख अशी व्हायला नको.

भेटीगाठींचं म्हणाल, तर सकाळ पोहे-जिलेबीच्या दुकानासमोर सुरू होते. पोह्यांवर शेव आणि जिरावण हा मसाला पडणारच. ‘आमच्याकडे असं नसतं’ हे वाक्य मनातच ठेवा. पाहुणे आले की छप्पन दुकान. न्यू पलासियातली ही दुकानांची रांग २०२० मध्ये छप्पन दिवसांत नव्यानं बांधून काढली आणि तिथला रस्ता गाड्यांना बंद केला. नातवंडं मोकळी सुटतात, आजोबा बाकावर बसतात. पण खऱ्या ओळखी कॉलनीच्या बगीच्यात होतात, सकाळी सात आणि संध्याकाळी सहाला. रहवासी संघाच्या बैठकीला पहिल्याच महिन्यात जा. शटरला परवानगी, रात्रीचा चौकीदार, गणपती कुठे बसवायचा, हे सगळं तिथेच ठरतं.

मराठी कानांची भूक असेल तर महाराष्ट्र साहित्य सभा आहे, आणि नाटकासाठी सानंद ही संस्था. सानंदमध्ये सभासदांचे गट असतात आणि मुंबई-पुण्याच्या नाटकाचे शनिवार-रविवारी प्रत्येक गटासाठी वेगळे प्रयोग होतात. पुण्यात जे नाटक बघायचं राहून गेलं ते इथे बघून होतं. नोंदणी सुरू झाल्याचं कळलं की रेंगाळू नका. पंढरीनाथ भागातल्या विठोबाला आषाढीला जाऊन या, ओळखीचे चेहरे तिथेच दिसायला लागतील.

गावातल्या मोकळ्या जमिनीबद्दलही ऐकाल. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, कामगारांची देणी मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, आणि आता शहराच्या मध्यातल्या त्या चाळीसेक एकरांवर घरं आणि बाजार आणायचं चाललंय. मधल्या काळात तिथे दाट झाडी वाढली, ती राखा म्हणून लोक भांडतात. माझं मत भांडणाऱ्यांच्या बाजूनं आहे, पण तिथे घर घ्यायचा विचार असेल तर निकालाची वाट बघण्यापेक्षा सध्या भाड्यानं राहा. भाडेकरार झाला की पोलीस ठाण्यात किरायेदार सत्यापन, म्हणजे भाडेकरूची नोंद, करा, आणि समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाच्या नोंदीचा क्रमांक, लगेच काढा. त्यावाचून बरीच सरकारी कामं अडतात.

सामान हलवायची तारीख मात्र अनंत चतुर्दशीला आणि रंगपंचमीला धरू नका. अनंत चतुर्दशीला रात्रभर गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात, गिरण्या बंद होऊनही. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, असते. टेम्पोवाला दुप्पट पैसे मागेल, आणि बहुधा येणारही नाही, कारण तोही तिथेच असेल.