डिकॉय बदकांची दोरी आणि वजन : या चुका टाळा

खऱ्या बदकांना भुलवण्यासाठी शिकारी पाण्यावर नकली बदके, म्हणजे डिकॉय, मांडतात आणि दोरीच्या टोकाला वजन बांधून ती जागेवर ठेवतात. ही डिकॉय वाऱ्याने वाहून गेली की पुढच्या वेळी जास्त जड वजने आणली जातात. ४ औंसांची पुरली नाहीत म्हणून ६ औंसांची, ती पुरली नाहीत म्हणून ८ औंसांची घेतली जातात. पिशवी उचलवेनाशी होते आणि वारा चढला की डिकॉय पुन्हा किनाऱ्याला लागलेली दिसतात. अशा वेळी मी सर्वांत आधी दोरीची लांबी मोजायला सांगतो.

हे विवेचन प्रामुख्याने मेरीलँडमधील चेसापीक उपसागराच्या उत्तर टोकाचे, म्हणजे हॅव्हर डी ग्रेस गावासमोरच्या सस्क्वेहाना फ्लॅट्स या उथळ पाण्याचे आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार बदकांची शिकार करता येत नाही. त्यामुळे अमेरिकेत परवाना घेऊन, हंगामातच पाण्यावर उतरणारे मराठी वाचक मी येथे गृहीत धरले आहेत.

ओहोटीच्या पाण्यावर दोरी कापणे

पहाटे पाणी ४ फूट खोल भरले, म्हणून ५ फुटांची दोरी बांधली. फ्लॅट्सवर भरती-ओहोटीचा फरक साधारण २ फुटांचा असतो. भरती आली की तेच पाणी ६ फूट होते, दोरी अपुरी पडते आणि डिकॉय स्वतःच्या तरंगण्याच्या बळावर वजन तळावरून उचलून निघून जाते. वायव्येचा जोरदार वारा उपसागरातले पाणी दक्षिणेकडे ढकलतो, तेव्हा उलट घडते : पाणी अपेक्षेपेक्षा खाली उतरते आणि दोरीला नको इतका ढील मिळतो. म्हणून खोली नेहमी भरतीच्या पाण्याची धरावी आणि दोरी त्यावरूनच ठरवावी.

दोरी लांब असली की वजन का टिकते, हे कोनावरून कळते. दोरी खोलीच्या दीडपट असेल, तर ताणलेल्या अवस्थेत ती तळाशी सुमारे ४२ अंशांचा कोन करते. दुप्पट असेल तर ३० अंशांचा आणि तिप्पट असेल तर २० अंशांहूनही थोडा कमी. कोन जितका लहान, तितकी ओढ आडवी होते, वजन वर उचलले जात नाही आणि गाळात रुतण्याची संधी त्याला मिळते. शिवाय वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १० मैलांचा वारा २० मैलांवर गेला की डिकॉयवरची ओढ जवळजवळ चौपट होते. केवळ वजन वाढवून ही चौपट ओढ झेलायची म्हटले, तर वजने उचलतानाच दमछाक होईल.

याचा अर्थ दोरी वाटेल तितकी लांब ठेवावी असा मात्र नाही. ४ फूट पाण्यात ८ फुटांची दोरी असेल, तर डिकॉय आपल्या वजनाभोवती सुमारे ७ फुटांच्या त्रिज्येत फिरू शकते, आणि वारा पालटताच शेजारच्या दोऱ्यांशी त्याचा गुंता होतो. शांत तळ्यात दीडपट पुरते. उघड्या पाण्यात दुप्पट दोरी आणि त्या मानाने डिकॉयमधले अंतरही वाढवलेले बरे.

वजन हवेत तोलणे

ही चूक घरी वजने ओतणाऱ्यांकडून विशेष होते. शिसे पाण्यात बुडाल्यावर आपल्या वजनापैकी सुमारे ९ टक्केच गमावते, लोखंड सुमारे १३ टक्के, पण काँक्रीट ४० टक्क्यांच्या आसपास गमावते. म्हणजे ८ औंसांचे काँक्रीटचे वजन तळाशी ५ औंसांपेक्षाही कमी भरते. काँक्रीट वापरू नये असे मी म्हणत नाही, परंतु हिशेब पाण्यातल्या वजनाचा करावा.

छोट्या तळ्यात २ ते ४ औंस, खाडीच्या कडेला ४ ते ६ औंस आणि कॅनव्हासबॅकसारख्या बुड्या मारणाऱ्या बदकांसाठी उघड्या पाण्यावर मांडलेल्या मोठ्या डिकॉयना ८ ते १६ औंस, हा अंदाज सुरुवातीला पुरेसा आहे. यापुढे आकार पाहावा. छत्रीच्या आकाराचे वजन मऊ गाळात छान रुतते, पण खडकाळ तळावर ते नुसते घसरते; तेथे आकड्यांचा छोटा नांगर बरा. डिकॉयच्या पोटाखालचे वजन ते सरळ तरंगावे म्हणून असते, ते नांगराचे काम करत नाही. हॅव्हर डी ग्रेसच्या जुन्या लाकडी डिकॉयमध्ये हे दोन्ही वेगळे दिसतात : पोटाला ठोकलेला शिशाचा तुकडा आणि छातीखाली दोरीसाठी धातूची कडी. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या तेथील डिकॉय संग्रहालयात ते अवश्य पाहावे.

शिशाची उघडी वजने हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नये. लेप दिलेली वजने मिळतात, तीच घ्यावीत आणि लेप उडाला की बदलावीत.

हाताला येईल ती दोरी

पॉलिप्रोपिलीनची दोरी स्वस्त आणि रंगीत असते, पण ती पाण्यापेक्षा हलकी असल्यामुळे तरंगते. जास्तीची दोरी पृष्ठभागावर पसरते आणि होडीच्या पंख्यात किंवा बदक आणायला पोहत गेलेल्या कुत्र्याच्या पायात अडकते. थंडगार पाण्यात दोरीत गुरफटलेला कुत्रा मी एकदा सोडवला आहे आणि तेव्हापासून अशी दोरी होडीत घेत नाही. डांबर लावलेली काळपट नायलॉनची दोरी बुडते, गाठ धरते आणि पाण्यात सहसा दिसत नाही.

जाड तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा धागा) गुंतत नाही, म्हणून टेक्सास पद्धतीत, म्हणजे एका टोकाला वजन आणि दुसऱ्या टोकाला फास असलेल्या दोऱ्यांसाठी, तो वापरतात. पण त्याची निरगाठ हळूहळू सरकते. त्यावर धातूची नळी दाबूनच फास पक्का करावा. या पद्धतीच्या तयार दोऱ्या साधारण ३ ते ४ फुटांच्या असतात, तेव्हा ६ फूट पाण्यात त्यांचा उपयोग नाही.

बिघाड कुठे आहे, हे कसे ओळखावे

वाहून गेलेले डिकॉय हाती आले की आधी वजन पाहावे. तळ गाळाचा असूनही वजन स्वच्छ आले, तर ते रुतलेच नव्हते. दोरी आखूड होती किंवा आकार चुकला. वजनच नसेल, तर गाठ सुटली किंवा दोरी झिजली. उरलेल्या सर्व गाठी त्याच दिवशी तपासाव्यात. प्रवाहात डिकॉयची चोच पाण्यात जात असेल, तर पुढच्या छिद्राला बांधलेली दोरी फार ताणली गेली आहे. ती फूट-दीड फूट वाढवून पाहावे. एकाच लांब दोरीवर डझनभर डिकॉय लावली असतील आणि सगळी रांग आडवी फिरत असेल, तर मुख्य नांगर वाऱ्याच्या बाजूला आहे का, हे पाहावे. दुसऱ्या टोकाचे वजन हलके ठेवून त्या बाजूला थोडा ढील द्यावा.

निघण्यापूर्वी डिकॉयइतकीच वजनेही मोजावीत आणि ज्याचे वजन तुटले त्याच्या पाठीवर तिथल्या तिथे चिकटपट्टी लावावी, म्हणजे पुढच्या पहाटे अंधारात ते पुन्हा पाण्यात सोडले जाणार नाही.