जगरहाटी बंद पडली तर मराठवाड्यात कुठं जाऊन राहायचं? आडरानातली जागा बघताना या चुका टाळा

लॉकडाऊननंतर बऱ्याच जणांच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसलीय, की उद्या लाईट गेली ती परत आलीच नाही, डिझेल संपलं, बँका-बाजार सगळं ठप्प झालं तर आपली लांब कुठंतरी आडरानात एक जागा पाहिजे. विचार वाईट नाही. पण लोक करतात काय, तर मोबाईलवर नकाशा उघडायचा, जिथं एकही घर दिसत नाही तिथं बोट ठेवायचं अन् म्हणायचं हीच जागा. अरे बाबा, तिथं घर का नाही ते तर आधी विचार! आपल्याकडं जिथं पाणी लागलं तिथं गाव बसलं, आणि जो माळ पिढ्यान्‌पिढ्या मोकळा पडलाय तो बहुतेक वेळा कुणाला जगवत नाही म्हणूनच मोकळा आहे.

बोअरला पाणी आहे म्हणजे पाणी आहे असं समजणं

सगळ्यात जास्त लोक इथंच फसतात. विकणारा सांगतो, बोअरला दोन इंची पाणी हाय, आपण खूश. आता ते पाणी सहाशे फुटावर, वर आणायला सबमर्सिबल, सबमर्सिबलला थ्री फेज, थ्री फेजला डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आणि डीपी जळाली की आत्ता सगळं सुरळीत असतानाच ती बदलून यायला किती चकरा माराव्या लागतात ते कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. लाईट कायमची गेली की त्या बोअरचं नुसतं भोक राहतं. साधा हापसा दीडशे फुटापर्यंत ठीक, त्याखालचं पाणी त्याच्या कामाचं नाही. सोलर पंप लावू म्हणाल तर पॅनल टिकेल वर्षानुवर्षं, पण कंट्रोलर उडाला किंवा मोटर बसली की सहाशे फूट पाईप उपसायला गाडी कुठून आणणार?

म्हणून बघायचा तो आड किंवा विहीर, तीही हातानं शेंदता येईल अशी. आपल्या खाली काळा पाषाण, पाणी राहतं ते वरच्या मुरमाट थरात अन् खडकाच्या भेगांत, त्यामुळं एका बांधावर पाणीच पाणी अन् पलीकडच्या बांधावर फुफाटा. तपासायचं तर अक्षय्य तृतीयेच्या पुढं, भर मे महिन्यात जा. संध्याकाळी इंजिन लावून विहीर तळापर्यंत उपसा, रात्रभर तिथंच मुक्काम करा आणि सकाळी काठीनं मोजा किती पाणी चढलं. शेजारच्या म्हाताऱ्याला विचारा की उन्हाळ्यात हिला किती परस (एक परस म्हणजे पुरुषभर) पाणी राहतं, बाहत्तरच्या दुष्काळात ही आटली होती का. दिवाळीत विहीर तुडुंब बघून इसार देणारे खूप आहेत.

हिशोब पण करा ना. माणशी वीस लिटर धरलं तर सहा जणांचे झाले १२०, दोन बैल अन् एक म्हैस मिळून अजून सव्वाशे-दीडशे, म्हणजे रोजचे अडीचशे लिटरच्या आसपास. दहा लिटरची बादली धरली तर पंचवीस खेपा, चाळीस-पन्नास फुटावरून, रोज, अंग दुखतंय तरी आणि ताप आलाय तरी. एकदा स्वतः शेंदून बघा मग कळतं की रहाट नसलेली विहीर म्हणजे अर्धीच विहीर.

२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आपण ज्या दिवसाची तयारी करतोय त्या दिवशी ती रेल्वे येणार नाही.

पाणी मिळणार नाही या भीतीनं अगदी नदीत जाऊन बसणं

दुष्काळी भाग म्हणून पुराचा विचारच करायचा नाही ही दुसरी गंमत. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीनं परंडा-भूम भागात काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय, नुसती पिकं नाही गेली, जमिनीची मातीच खरवडून गेली. नदीपासून थोडं उंचावर राहा, पाणी खाली जाऊन आणा.

किनवट-माहूरकडं पाऊस बराच बरा, सागाचं जंगल आहे, पैनगंगा आहे, म्हणून पुष्कळांची नजर तिकडं जाते. जागा खरंच चांगली. पण त्या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, त्यानं दात पिवळे पडतात, पुढं हाडं धरतात, आणि पाणी उकळून ते जात नाही, उलट जास्तच दाट होतं. आत्ता प्रयोगशाळा चालू आहेत तोवर तपासून घ्या.

माणसं नकोत म्हणून जागा घेणं

मार्च २०२० आठवा. गावोगावी वेशीवर बाभळीचे काटे टाकले होते, पुण्या-मुंबईहून आलेल्या सख्ख्या भावाला सुद्धा शाळेत ठेवलं, अनोळखी माणसाची तर गोष्टच सोडा. तेव्हा किराणा चालू होता, रेशन चालू होतं, तरी असं. मग दुकानंच नसतील तेव्हा तुम्ही गाडीभर सामान घेऊन अनोळखी शिवारात उतरलात तर काय होईल?

आणि एकटं राहून शेती होत नाही हो. दिवसभर वावरात राबायचं अन् रात्री रोही, रानडुकरं हाकलायला जागलीला बसायचं, एक माणूस किती रात्री बसणार? घोणस चावली तर उचलून न्यायला चार खांदे लागतात. जिथं मामाचं, सासरचं, नाहीतर जुन्या सालगड्याचं घर आहे, जिथं लोक तुम्हाला नावानं ओळखतात, ती जागा कमी आडबाजूला असली तरी घ्या. बीडकडची ऊसतोड माणसं दरवर्षी बिऱ्हाड गाडीत घालून परमुलखात कोपीत पाच-सहा महिने काढतात, लाईट नाही, नळ नाही, लेकरं सोबत. जगरहाटी बंद पडल्यावर कसं राहायचं ते त्यांना कोण शिकवणार, तुम्हीच त्यांच्याकडून शिका.

अंतराचं पण बघा, गाडी धरून हिशोब करू नका. ८ मे २०२० ला जालन्याहून पायी निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळावर मालगाडीखाली गेले, चालून चालून थकून तिथंच झोपले होते. लेकरं-म्हातारी घेऊन दिवसाला वीस किलोमीटर झाले तरी खूप, तेही वाटेत पाणी असेल तर.

पोटात काय जाणार हे न बघणं

अख्खं शिवार सोयाबीन अन् कापसाचं असेल तर ते बाजारासाठी आहे, खाण्यासाठी नाही. सोयाबीनची भाकरी होत नाही अन् घाण्यावर तेलही धड निघत नाही. ज्वारी कुठं होते ते बघा. मालदांडी ज्वारीचं बियाणं घरचं ठेवता येतं, भोवती करडईचे तास टाकले की काट्यामुळं जनावर आत शिरत नाही अन् तेलाचंही भागतं, वर कडबा बैलाला.

साठ्याबद्दल देवगिरीची गोष्ट ऐकलीच असेल. कातळ तासलेला किल्ला, भोवती खंदक, अख्ख्या मुलखात त्याच्याइतकी पक्की जागा नाही. १२९६ ला अलाउद्दीन खिलजी आला, देवगिरीचे यादव राजे रामदेवराव वर जाऊन बसले, आणि घाईत धान्य म्हणून चढवलेली पोती उघडली तर आत मीठ, असं फिरिश्ता नावाच्या जुन्या इतिहासकारानं लिहिलंय. किल्ला पडला नाही, पोटानं पाडलं. आपलं मात्र उलटं आहे, मराठवाड्यात मीठ पिकत नाही, ते बाहेरून यायचं बंद झालं की माणसाला अन् जनावराला दोघांनाही लागणार. चार पोती कोरड्या जागी टाकून ठेवा, खराब होत नाही.

जागा घेऊन झालीय अन् आता चूक कळतेय?

विकायची घाई नको. पाणी खोल असेल तर ओढ्याच्या कडेला बुडकी म्हणजे छोटी उथळ विहीर घेऊन बघा, वर बांध घाला, दोन-तीन पावसाळ्यांत फरक दिसतो. जुनं माळवदाचं घर असेल तर उन्हाळ्यात गार लागतं हे खरं, पण ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत लोक त्याच माती-दगडाखाली गेले, तर माती उतरवून पत्रे टाका. पाणंद काळ्या मातीची असेल तर भादव्यात गुडघाभर चिखल, चाक फिरत नाही, मुरूम आत्ताच टाकून घ्या, जेसीबी मिळतोय तोवर. आणि शेजाऱ्याशी बांधावरून वाद चालू असेल तर दोन हात जमीन सोडा अन् मिटवा, रात्री हाक मारल्यावर पहिला तोच येणार आहे.