डिस्कोची रेकॉर्ड बोअरच्या पाण्यानं धुऊ नका

भंगारात सापडलेली जुनी डिस्को-फंकची एलपी रेकॉर्ड धुतली, वाळवली, तरी सुई टेकली की चरचर सुरूच. माझ्या बाबतीत दोष निघाला पाण्याचा. आमच्या मराठवाड्यात बोअरचं पाणी इतकं जड, की बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. तोच क्षार रेकॉर्डच्या खाचांत जाऊन बसतो.

उपाय बॅटरीच्या दुकानात मिळतो: इन्व्हर्टरमध्ये घालतात ते डिस्टिल्ड वॉटर. लिटरभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, बास. मायक्रोफायबरचं फडकं त्यात भिजवून खाचांच्या दिशेनं गोल फिरवा, आडवं घासू नका. मधलं लेबल कोरडं ठेवा (मी एकाची पार लापशी केली आहे). मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं पुसून घ्या आणि सावलीत उभी करून रात्रभर वाळू द्या. एप्रिलमध्ये गच्चीवर ठेवाल तर पापडासारखी वाकेल.

गाणं कॉम्प्युटरवर घेण्याआधीच हे सगळं करा. री-एडिटमध्ये, म्हणजे जुनं गाणं कापून-जोडून नव्यानं बांधताना, आपण चार बारचा (एका बारात चार ठोके) तुकडा पुन्हा पुन्हा जोडतो. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) तो बरोबर ८ सेकंदांचा. त्यात एक टकटक राहिली, तर दर ८ सेकंदांनी तीच कानावर येते.

कॅन घेताना मात्र लेबल नीट वाचा. बॅटरीचं अ‍ॅसिडही बऱ्याचदा तसल्याच कॅनमध्ये शेजारी ठेवलेलं असतं.