राष्ट्रीय महिला फुटबॉल संघातील खेळाडूंच्या कामगिरीवर वाद कसा घालावा

६ ऑगस्ट २०२३ रोजी मेलबर्नमध्ये विश्वचषकाच्या उपउपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेचा महिला संघ स्वीडनकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हरला आणि पुढे कित्येक आठवडे त्या संघातील जवळजवळ प्रत्येक खेळाडूवर वाद झडत राहिले. त्यांपैकी पुष्कळसे मी वाचले, काहींत हिरिरीने भागही घेतला. आज ते आठवून पाहिले की जाणवते, बहुतेक ठिकाणी दोन्ही बाजू वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत होत्या. एक जण म्हणे की आघाडीच्या फळीतील ॲलेक्स मॉर्गनला संपूर्ण स्पर्धेत एकही गोल करता आला नाही. दुसरा म्हणे की तिच्यापर्यंत चेंडू पोहोचतच नव्हता. पहिला खेळाडूविषयी बोलत होता, दुसरा संघाच्या रचनेविषयी, आणि दोघांचेही म्हणणे एकाच वेळी खरे असू शकत होते. अशा वादातून कोणाच्याच हाती काही लागत नाही.

म्हणून तोंड उघडण्यापूर्वी आपण नेमके कशावर बोलत आहोत हे ठरवावे. खेळाडू कशी खेळली, तिला संघात घ्यावे की नाही आणि प्रशिक्षकांनी तिचा उपयोग नीट केला की नाही, हे तीन निराळे प्रश्न आहेत. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या प्रशिक्षक एमा हेज यांनी मॉर्गनला वगळले, तेव्हा अनेकांनी तिच्या पूर्वीच्या गोलांची यादी पुढे केली. ती यादी खरी आणि आदरास पात्रच होती. परंतु ऑलिंपिकच्या संघात अठराच जागा असतात आणि सामने दोन-तीन दिवसांच्या अंतराने येतात. एकापेक्षा अधिक जागी खेळू शकणाऱ्या खेळाडूचे वजन अशा वेळी वाढते. हा निवडीचा प्रश्न होता. ‘मॉर्गन मोठी खेळाडू आहे का?’ या प्रश्नाचे कितीही चांगले उत्तर दिले तरी ‘या अठरांत तिला घ्यावे का?’ हा प्रश्न जिथल्या तिथेच राहत होता.

आधी काम, मग कामगिरी

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे आणि नेमकी तीच सर्वाधिक वेळा गाळली जाते. त्या सामन्यात त्या खेळाडूकडे कोणते काम दिले होते, हे सांगितल्याशिवाय तिच्या कामगिरीवर मत देऊ नये.

क्रिस्टल डनचे उदाहरण घ्या. २०१५ मध्ये ती अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारी आणि सर्वोत्तम खेळाडू ठरली होती. क्लबसाठी ती वर्षानुवर्षे आक्रमणात किंवा मधल्या फळीत खेळली. राष्ट्रीय संघात मात्र तिला बहुतांश काळ डाव्या बगलेवरील बचावपटू म्हणून उभे केले गेले. क्लबसाठी गोल करणारी डन देशासाठी का करत नाही, हा सवाल वरकरणी रास्त वाटतो, पण तो चुकीच्या फूटपट्टीने मोजलेला असतो. २८ जून २०१९ रोजी पॅरिसमध्ये यजमान फ्रान्सविरुद्ध विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना झाला, तेव्हा तिच्यापुढे वेगवान आणि ताकदवान कादिदियातू दियानीला रोखण्याचे काम होते. तो सामना अमेरिकेने २-१ असा जिंकला आणि दोन्ही गोल मेगन रॅपिनोने केले, त्यामुळे मथळे साहजिकच तिच्या वाट्याला आले. डनच्या त्या संध्याकाळचे मोल ठरवायचे असेल, तर दियानीला किती वेळा मोकळी जागा मिळाली, ती आत वळून गोलाकडे जाऊ शकली की तिला बाहेरच्या रेषेकडे ढकलले गेले, हे पाहावे लागेल.

ज्युली अर्ट्झची गोष्टही अशीच. २०१५ च्या विश्वचषकात ती मध्य बचावपटू होती, २०१९ मध्ये बचावफळीच्या पुढे मधल्या फळीत होती आणि २०२३ मध्ये पुन्हा मध्य बचावात. २०२३ च्या अर्ट्झची २०१९ च्या अर्ट्झशी तुलना करून ‘तिचा पूर्वीचा दरारा राहिला नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्याने निदान एवढे तरी मान्य करावे की मधल्या फळीत पुढे झेपावून चेंडू हिसकावणे आणि शेवटच्या फळीत आपली जागा धरून राहणे ही दोन वेगळी कामे आहेत. मध्य बचावपटू अवेळी झेपावली तर तिच्या मागे फक्त गोलरक्षक उरते. तुलना करायचीच असेल तर ती त्याच स्पर्धेत तिच्या शेजारी उभ्या असलेल्या नेओमी गर्माशी करावी. त्यातून काही शिकता येते.

काम कोणते होते हे कसे ओळखावे? प्रशिक्षक आपली योजना सर्वांसमोर उघड करत नाहीत, त्यामुळे ती मैदानावरून वाचावी लागते. सामन्याची पहिली पंधरा मिनिटे चेंडूऐवजी एकाच खेळाडूकडे लक्ष ठेवून पाहावीत. आपल्या संघाकडे चेंडू असताना ती कुठे उभी राहते, चेंडू गेल्यावर प्रथम कोणाकडे धावते आणि तिच्या मागची जागा कोण भरते, एवढ्या तीन गोष्टी टिपल्या तरी पुरे. कॅमेरा चेंडूच्या मागे जातो, म्हणून चेंडूपासून दूर घडलेले बरेचसे काम पडद्यावर येतच नाही. शक्य असेल तर तो सामना मैदानात जाऊन पाहिलेल्या माणसाला याविषयी आवर्जून विचारावे.

निकालाची सावली

ज्या स्वीडन सामन्याने हे सारे वाद पेटले, तो सामना मी दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिला आणि माझे मत बदलले. मधल्या फळीतील रोझ लावेल दोन पिवळ्या कार्डांमुळे बाहेर होती. एरवी बचावात खेळणाऱ्या एमिली सॉनेटला अँडी सलिव्हनच्या जोडीने मधल्या फळीत उतरवले होते, त्यामुळे लिंडसी होरानला पुढे सरकायला मोकळीक मिळाली. त्या स्पर्धेतील अमेरिकेचा तो सर्वांत चांगला खेळ होता, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. स्वीडनची गोलरक्षक झेचिरा मुशोविचने ११ फटके अडवले म्हणून सामना ०-० राहिला. पुढे शूटआउटमध्ये स्वीडनच्या लिना हर्टिगचा फटका अमेरिकेची गोलरक्षक अलिसा नेयरने वर उडवला, पण खाली येताना त्याने गोलरेषा ओलांडली, तीही इतक्या थोड्या अंतराने की यंत्राच्या साहाय्याशिवाय ते कळलेच नसते.

त्याआधी पाचच दिवसांपूर्वी ऑकलंडमध्ये पोर्तुगालविरुद्ध अमेरिका अत्यंत विस्कळीत खेळली होती. भरपाई वेळेत पोर्तुगालच्या आना कापेताचा फटका खांबाला लागला. तो आत गेला असता तर संघ साखळी फेरीतच गारद झाला असता. वाईट खेळूनही संघ वाचला आणि चांगले खेळून बाहेर पडला. वादात या दोन सामन्यांचा उल्लेख येईल तेव्हा प्रत्येक विधानाला एक कसोटी लावावी: खांबाला लागलेला तो फटका आत गेला असता किंवा हर्टिगचा चेंडू रेषेवर थांबला असता, तरी मी या खेळाडूविषयी हेच म्हटले असते का? उत्तर ‘नाही’ असेल, तर आपण खेळाडूविषयी नव्हे, निकालाविषयी बोलत आहोत.

शूटआउटचा विचार तर पूर्णपणे वेगळा करावा. स्वीडनविरुद्ध त्या दिवशी रॅपिनो, सोफिया स्मिथ आणि केली ओहारा यांचे फटके हुकले. स्मिथचा फटका आत जाता तर सामना तिथेच जिंकला होता. पण जादा वेळ धरून १२० मिनिटांच्या खेळाचे मोजमाप एका फटक्यावरून करणे अन्यायाचे आहे.

आकडे वापरताना

आकडे जरूर वापरावेत, मात्र प्रत्येक आकड्याबरोबर तो कोठून आला हेही सांगावे. २०१९ च्या विश्वचषकात रॅपिनो आणि मॉर्गन दोघींचे सहा गोल आणि तीन गोलसाहाय्य अशी बरोबरी झाली होती. सर्वाधिक गोलांचा पुरस्कार रॅपिनोला मिळाला, कारण तिने तेवढेच काम कमी वेळात केले होते: ती ४२८ मिनिटे खेळली होती आणि मॉर्गन ४९०. येथवर रॅपिनोची बाजू भक्कम दिसते. आता गोल उलगडून पाहा. रॅपिनोच्या सहापैकी तीन गोल पेनल्टीवर आले, तर मॉर्गनच्या सहापैकी पाच थायलंडविरुद्धच्या १३-० अशा एकतर्फी सामन्यात. अंतिम सामन्यात रॅपिनोने जी पेनल्टी मारली, ती नेदरलँड्सच्या बचावपटूने मॉर्गनला पाडल्यामुळे मिळाली होती. म्हणजे धावफलकावर एकीचे नाव आहे आणि त्यामागे दुसरीने खाल्लेली लाथ आहे. यांतला कोणता गोल अधिक मोलाचा, यावर खुशाल वाद घालावा. तो वाद सकस असतो, कारण दोन्ही बाजूंसमोर तेच तपशील असतात.

‘अपेक्षित गोल’ हे माप आता सर्रास वापरले जाते. एखाद्या ठिकाणाहून, एखाद्या परिस्थितीत मारलेला फटका गोलात जाण्याची शक्यता किती, हे त्यातून कळते. पेनल्टीचे मूल्य साधारण पाऊण गोलाच्या आसपास धरले जाते, म्हणून पेनल्टी वगळून आणि धरून अशा दोन्ही बेरजा मांडाव्यात. कमी वेळ खेळलेल्या खेळाडूंसाठी दर ९० मिनिटांमागचा हिशेब उपयोगी पडतो, परंतु केवळ चाळीस मिनिटे खेळलेल्या खेळाडूच्या एका गोलाला ‘दर सामन्याला दोन गोल’ म्हणून मिरवू नये. राष्ट्रीय संघाचे वर्षातले सामने मुळातच थोडे असतात आणि विश्वचषकात फार तर सात. एवढ्या थोड्या सामन्यांवरून ठाम मत मांडणाऱ्याने आवाज थोडा खाली ठेवावा.

आकड्यांमागचा थकवाही मोजावा. पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेने १७ दिवसांत सहा सामने खेळले, त्यांपैकी जपान आणि जर्मनीविरुद्धचे दोन सामने १२० मिनिटे चालले. संघाच्या १२ गोलांपैकी १० गोल मॅलरी स्वॉन्सन, सोफिया स्मिथ आणि ट्रिनिटी रॉडमन या तिघींनी केले. यावरून बाकीच्या खेळाडू निष्प्रभ होत्या असे म्हणणारा माणूस मला भेटला आहे. मी त्याला एवढेच विचारले की जर्मनी आणि ब्राझीलविरुद्ध शेवटच्या क्षणी हेडर अडवणारी नेयर या हिशेबात कोठे बसते. गोलरक्षकाविषयी बोलताना ‘किती गोल खाल्ले’ यापेक्षा ‘कसले फटके आले’ हे आधी विचारावे, कारण भक्कम बचावामागे उभी असलेली गोलरक्षक तासभर हात न लावताही सामना संपवू शकते.

वादात काय आणू नये

स्त्रियांच्या संघाविषयी बोलताना काही गोष्टी वादाच्या अंगणाबाहेर ठेवाव्यात, असा माझा आग्रह आहे. खेळाडूचे दिसणे, तिचे लग्न, तिची जोडीदार, तिची राजकीय मते यांचा तिच्या पासच्या अचूकतेशी संबंध नाही. पुरुषांच्या संघाशी तुलना केल्याने कोणत्याही खेळाडूच्या खेळावर प्रकाश पडत नाही. मातृत्वाचा उल्लेख मात्र विचारपूर्वक करता येतो. अर्ट्झ ऑगस्ट २०२२ मध्ये आई झाली आणि वर्षभराच्या आत विश्वचषकात खेळली; तिला सरावाचे सामने किती मिळाले, हा खेळाचाच प्रश्न आहे. तिने घरी थांबायला हवे होते, हा आपला प्रश्न नाही.

दुखापतीमुळे नसलेल्या खेळाडूंचेही भान ठेवावे. एप्रिल २०२३ मध्ये गुडघ्याला गंभीर दुखापत झाल्याने स्वॉन्सन विश्वचषकाला मुकली, आणि पुढच्याच वर्षी ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात ब्राझीलविरुद्ध एकमेव गोल तिने केला. मात्र ‘ती असती तर’ हे वाक्य जपून वापरावे. ते तिच्याविषयी काही सांगते, तिच्या जागी खेळलेल्या खेळाडूविषयी काहीच सांगत नाही.

प्रत्यक्ष वाद

समोरचा ‘ती कुचकामी होती’ असे म्हणाला, तर विरोध करण्याआधी कोणत्या मिनिटाला, कोणत्या प्रसंगात असे वाटले हे विचारावे. बहुतेक लोकांच्या मनात एखादाच प्रसंग घर करून बसलेला असतो. तो प्रसंग दोघांनी मिळून पुन्हा पाहिला की अर्धा वाद मिटतो आणि उरलेला अर्धा नेमका होतो. समोरच्याचा सर्वांत बळकट मुद्दा आपण स्वतः मोठ्याने मांडून दाखवावा आणि त्याला उत्तर नसेल तर तसे कबूल करावे. आपल्या लाडक्या खेळाडूच्या बाबतीत हे जड जाते, हे मला चांगले ठाऊक आहे; रॅपिनोचा तो फटका गोलावरून गेला तेव्हा मी तिच्या बचावासाठी जे जे बोललो, त्यातले बरेचसे केवळ प्रेमापोटी होते.

शेवटी, पुढच्या सामन्यापूर्वी दोघांनीही आपापले मत बदलायला काय पुरेसे होईल हे कागदावर लिहून ठेवावे. ‘डाव्या बगलेवरून तिच्यावर तीन वेळा मात करून क्रॉस आला तर मी तिला त्या जागी ठेवण्याचा आग्रह सोडेन’, असे मोजता येईल असे वाक्य हवे. सामना संपला की कागद काढावा, खुणा मोजाव्यात आणि तिथून पुढे बोलायला सुरुवात करावी.