पॅराग्लायडिंग हार्नेस सेट करताना या चुका टाळा, आणि आधी लटकून बघा

पुण्याजवळच्या कामशेतला सीझनच्या सुरुवातीला टेकऑफवर, म्हणजे उड्डाणाच्या जागी, नुसतं उभं राहून बघा. विंग (वरचा कापडी पंख) कुठली घेतली, किती वापरलेली आहे, लायनी (विंगच्या दोऱ्या) कधी बदलल्या यावर तासभर चर्चा चालते, आणि तेच लोक हार्नेस, म्हणजे ज्यात बसून उडतो ती पट्ट्यांची सीट, मात्र ज्याच्याकडून सेकंड हँड घेतला त्याच्याच मापाला तसाच घालून उडतात. तो माणूस सहा फुटी असेल आणि आपण साडेपाच, तरी पट्टे तिथेच. मग सीटमध्ये बसता येत नाही, कंबर धरते, विंग एका बाजूला ओढते, आणि शिव्या बसतात विंगला.

बऱ्याचशा तक्रारींचं मूळ एकच असतं. हार्नेस जमिनीवर उभं राहून ॲडजस्ट केलेला असतो. उभं राहून जो पट्टा बरोबर वाटतो तो लटकल्यावर एकतर खांद्यात रुततो नाहीतर लोंबतो, कारण हवेत तुमचं सगळं वजन दोन मेन कॅराबिनरवर (हार्नेस विंगला जोडणाऱ्या कड्यांवर) येतं आणि पट्ट्यांवरचा ताण पूर्ण बदलतो. त्यामुळे खाली लिहिलेलं जवळजवळ सगळं लटकूनच करायचं आहे.

एकाच हुकाला लटकणं

लटकायचं म्हणजे पक्क्या तुळईला किंवा तुमच्या स्कूलच्या सिम्युलेटरला (लटकून सराव करायच्या सांगाड्याला). सोसायटीच्या पार्किंगमधला पाण्याचा पाइप नको प्लीज, तो तुमच्यासाठी बसवलेला नाही. आणि दोन्ही कॅराबिनर एकाच दोरीला अडकवले की ते मधे जवळ ओढले जातात, छातीचा पट्टा सैल पडतो आणि सगळं माप खोटं येतं. एक मजबूत आडवा दांडा घ्या, त्यावर दोन वेगळ्या स्लिंग साधारण रायझरच्या (विंगच्या दोऱ्या कॅराबिनरला जोडणाऱ्या पट्ट्यांच्या) अंतरावर बांधा, आणि पाय टेकायला खाली स्टूल ठेवा. सोबत एक माणूस हवाच, कारण तुमची पाठ किती मागे कललीय हे तुम्हाला आतून कळत नाही, बाजूने मोबाईलवर फोटो काढला की लगेच कळतं.

अजून एक, रिकामा हार्नेस घालून लटकू नका. रिझर्व्ह (आणीबाणीचं पॅराशूट) आत, पाणी भरलेलं, उडताना घालता ते बूट, थंडीत उडणार असाल तर जाकीटसुद्धा. जाड जाकीट घातलं की खांद्याचे पट्टे चांगलेच आखूड पडतात.

पट्टे कुठल्या क्रमाने लावायचे

आधी सगळे पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे सैल करा. मग बाजूचे पट्टे, ज्याने पाठीचा कोन ठरतो. नवीन पायलटने जरा ताठच बसावं. खूप मागे रेलून बसणं फोटोत भारी दिसतं पण शरीर आडवं पसरलं की कोलॅप्सनंतर (विंगचा भाग दुमडला की) विंग गर्रकन फिरते आणि तुम्ही तेवढ्या पटकन फिरत नाही, मग रायझरला पीळ बसतो. पीळ बसला की ब्रेक (विंग वळवायच्या हातातल्या दोऱ्या) नीट चालत नाहीत, आणि तिथून पुढे रिझर्व्हच.

मग खांदे. खांद्याचा पट्टा वजन उचलण्यासाठी नसतो, वजन सीटवर असतं, पट्टा फक्त शरीराचा वरचा भाग जागेवर धरतो. घट्ट केलात तर टेकऑफनंतर सीटमध्ये सरकता येत नाही आणि अर्ध्या तासात मान दुखते. सैल सोडलात तर तुम्ही मागे पडता आणि पोटाच्या स्नायूंनी स्वतःला धरून ठेवता, उतरल्यावर वाटतं आज जिम झाली. बसल्यावर पट्ट्याखाली तळहात सपाट आत जावा पण पट्टा लोंबू नये, इथून सुरुवात करा.

दोन्ही बाजू सारख्या आहेत का हे नुसतं बघून ठरवू नका, मेजर टेप लावा. पट्टे फायनल झाले की बकलपाशी परमनंट मार्करने बारीक रेघ मारून ठेवा, म्हणजे कुणी घालून बघितला किंवा पट्टा हळूहळू सरकला तर लगेच लक्षात येतं. "माझी विंग डावीकडे जाते" असं म्हणणाऱ्याने आधी हे मोजावं, मग बघावं की एका खिशात पाण्याची बाटली, पॉवर बँक आणि रेडिओ तिन्ही कोंबलेत का, आणि मग हवेत पायावर पाय टाकून बसायची सवय आहे का. एवढं करूनही ओढत असेल तर विंग तपासायला द्या.

छातीचा पट्टा "फील"वर ठेवणं

हा सगळ्यात जास्त चुकणारा पट्टा आहे आणि याच्यावर टेकऑफवर सगळ्यात जास्त फुकट सल्ले मिळतात. छातीच्या पट्ट्याने दोन कॅराबिनरमधलं अंतर ठरतं. तुमच्या विंगची सर्टिफिकेशन टेस्ट ठरलेल्या अंतरावर झालेली असते, पायलट आणि सामान मिळून एकूण वजनाप्रमाणे साधारण ४० ते ४८ सेंटिमीटरच्या आसपास, आणि विंगच्या मॅन्युअलमध्ये ते लिहिलेलं असतं. मॅन्युअल उघडा, आकडा बघा, लटकलेल्या अवस्थेत कॅराबिनरच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. संपलं.

लोक काय करतात तर थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) हलायला लागलं, भीती वाटली, की पट्टा आवळतात. आवळल्यावर हलणं कमी जाणवतं हे खरं, पण वेट शिफ्टही (शरीर कलवून विंग वळवणंही) तेवढंच कमी होतं, विंग काय सांगतेय ते कळेनासं होतं आणि पीळ बसायची शक्यता वाढते. उलट कुणीतरी सांगितलं की सैल सोड, विंग मस्त वळते, म्हणून पूर्ण सैल सोडला की कोलॅप्स झाल्यावर तुम्ही बंद पडलेल्या बाजूला धपकन कलता आणि तुमच्या वजनाने विंग त्याच बाजूला अजून वळते. दोन्ही टोकं नकोत. ज्या आकड्यावर टेस्ट झाली तिथून सुरुवात करा, काही दिवस उडा, मग हवं तर एक-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे. आणि एका वेळी एकच पट्टा बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही.

पायाचे पट्टे: इथे चूक झाली की दुसरा चान्स नाही

पायाचे पट्टे न लावता टेकऑफ करणं हे ऐकायला अशक्य वाटतं, पण जगभर होतं आणि अनुभवी लोकांकडूनही होतं. सगळं लावलेलं असतं, वारा पडतो, माणूस वाट बघून कंटाळतो, लघवीला जायचं म्हणून पायाचे बकल उघडतो, परत येतो, तेवढ्यात वारा येतो, सगळे ओरडतात "चल चल चल", आणि हा पळतो. उभं असताना काहीच कळत नाही कारण छातीचा पट्टा लावलेला असतो, खांद्यावर हार्नेस बसलेला असतो, ओळखीचाच घट्टपणा जाणवतो. पाय सुटले की माणूस सीटमध्ये बसण्याऐवजी खाली घसरतो आणि काखेत लटकतो. हात वर ब्रेकला, त्यामुळे अजून घसरतो. तिथून बाहेर यायला ताकद पुरेल याची काही खात्री नाही.

म्हणून क्रम बदलायचा नाही: घालताना पायाचे पट्टे आधी, छातीचा नंतर. काढताना छातीचा आधी, पायाचे शेवटी. म्हणजे मधेच वाऱ्याने उचललं तरी पाय अडकलेले असतात. काही कारणाने एक जरी बकल उघडलं तर सगळा प्रीफ्लाइट चेक (उडण्याआधीची तपासणी) पहिल्यापासून, हेल्मेटपासून. मधून सुरू करायचं नाही, आणि टेकऑफवर कोणी गप्पा मारायला आला तर त्याला सरळ थांब म्हणायचं, राग आला तर येऊ दे. बकलचा "टक" आवाज ऐकायचा आणि वर पट्टा ओढूनही बघायचा, कारण कामशेतच्या टॉवर हिलवर दुपारी वारा वाढला की आवाज ऐकू येत नाही आणि बकलमध्ये गवताची काडी किंवा माती असेल तर ते अर्धवटच बसतं. हल्ली बऱ्याच हार्नेसमध्ये छातीचं आणि पायाचं बकल एकमेकांत गुंतवलेलं असतं, पाय विसरले तर छाती बंदच होत नाही. नवीन घेताय तर असाच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी.

आता पट्ट्याची लांबी. खूप आखूड केलात तर पळताना पावलं आखूड पडतात आणि नंतर सीटमध्ये बसता येत नाही. खूप लांब ठेवलात तर टेकऑफला हार्नेस गुडघ्यांच्या मागे लोंबतो आणि तुम्ही खाली लटकता. लटकलेल्या अवस्थेत पाय खाली सोडा, उभ्यासारखे व्हा, मग गुडघे वर उचला. हात न लावता मांड्या सीटवर सरकल्या पाहिजेत.

नाही सरकल्या तर हवेत काय होतं ते रोज बघायला मिळतं. टेकऑफ झालं रे झालं की पायलट दोन्ही ब्रेक सोडून हाताने सीट ढकलत बसतो, टेकडीपासून वीस-तीस फुटांवर, आणि विंग आपली टेकडीकडे वळतेय. टेकडीपासून लांब गेल्याशिवाय सीटचा विचारसुद्धा करायचा नाही, पाय लोंबकळत राहिले तरी उडता येतं. लांब, उंचीवर गेल्यावर दोन्ही ब्रेक एका हातात, दुसऱ्या हाताने सीट. पण खरा उपाय खाली तुळईला लटकूनच होतो.

स्पीडबार

थोडक्यात. हा पायाने ढकलून विंगचा वेग वाढवायचा बार. त्याची दोरी आखूड असेल तर तुम्ही पाय न लावताही विंग कायम थोडी ॲक्सिलरेट झालेली असते, आणि ते धोकादायक आहे, कारण तुम्हाला कळतच नाही. खूप लांब असेल तर पाय पूर्ण सरळ केले तरी अर्धाच स्पीड मिळतो. लटकून, रायझर कुणालातरी वर धरायला सांगून बघा: बार मोकळा असताना दोरी सैल, पाय पूर्ण ताणल्यावर रायझरवरच्या पुली एकमेकींना टेकलेल्या. दोरी हार्नेसच्या पुलीतूनच गेलीय ना, कुठल्या पट्ट्याला किंवा रिझर्व्हच्या हँडलला वेढा नाही ना, हेही तेव्हाच बघा. विंग बदलली की हे परत करायचं.

रिझर्व्ह आहे म्हणून निवांत राहणं

हार्नेस नवीन घेतला, रिझर्व्ह जुनाच आत कोंबला, झालं, असं करू नका. प्रत्येक रिझर्व्ह हार्नेसच्या प्रत्येक कंटेनरमध्ये (रिझर्व्हच्या कप्प्यात) बसत नाही, आणि आत बसला म्हणजे बाहेर येईलच असंही नाही. हँडलपासून आतल्या पिशवीला जोडणारा पट्टा नीट बघा. हँडल ओढल्यावर आधी कप्पा बंद ठेवणाऱ्या पिना सुटल्या पाहिजेत आणि त्यानंतर पिशवीवर ओढ आली पाहिजे. तो पट्टा आखूड असेल किंवा पिशवीच्या चुकीच्या लूपला बांधला असेल तर पिना बंद असतानाच पिशवी ओढली जाते आणि तुम्ही कितीही जोर लावा, रिझर्व्ह आतच. हे नुसतं बघून कळत नाही. रीपॅकची (रिझर्व्ह उघडून पुन्हा घडी घालून भरायची) वेळ आलीच असेल तर सिम्युलेटरला लटकून, ग्लोव्ह्ज घालून, खरंच ओढून फेकून बघा, उजव्या हाताने आणि जमलं तर डाव्यानेही. हिमाचलात बिर बिलिंगला उडायला जाणार असाल तर तिथले जाड ग्लोव्ह्ज घालून, कारण पातळ ग्लोव्ह्जमध्ये सहज सापडणारं हँडल जाड ग्लोव्ह्जमध्ये हाताला लागतच नाही.

आपल्याकडे पावसाळ्याचा वेगळा प्रॉब्लेम आहे. जूनमध्ये बॅग माळ्यावर जाते ती ऑक्टोबरमध्ये खाली येते, चार महिने कोकणासारखा दमटपणा खाऊन. रिझर्व्हचं कापड घड्यांमध्ये चिकटतं, उघडायला वेळ लागतो, क्वचित बुरशीही येते. कंपन्या सहा महिने ते वर्षभरात रीपॅक सांगतात, आपल्या हवेत सीझन सुरू व्हायच्या आधीचा रीपॅक चुकवू नका. एअरबॅगवाला (पाठीखाली हवेने भरणारी पिशवी असलेला) हार्नेस असेल तर त्याचं हवा आत घ्यायचं तोंड चुरगळलेलं नाही ना तेही बघा. साधी एअरबॅग पुढे वेग आल्यावरच भरते, म्हणजे टेकऑफला पाय अडखळून बसकण मारली तर त्या क्षणी पाठीखाली फारसं काही नसतं. त्याऐवजी पाठीखाली फोम असतो तो जड असतो, बॅगेत जागा खातो, पण कायम असतो. शिकणाऱ्याने फोम घ्यावा असं माझं मत आहे, हलक्या सामानाचा मोह नंतर.

आणि पवना धरणाच्या पाण्यावरून उडणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की हेच पाठीचं प्रोटेक्शन पाण्यात तरंगतं आणि तुमचं तोंड पाण्याकडे करतं. उंची नसेल तर पाण्यावर जाऊच नका.

टँडमला जाणाऱ्यांसाठी

स्वतः न उडणाऱ्या, सुट्टीत मनालीला नाहीतर कामशेतला टँडम (पायलटबरोबर जोडीने उड्डाण) करणाऱ्यांनीही हे वाचावं. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुल्लूजवळ डोभीला तेलंगणाहून फिरायला आलेली एक तरुणी टँडम उड्डाणात वरून पडून मरण पावली, आणि हार्नेस नीट तपासलाच नव्हता असं प्राथमिक चौकशीत समोर आलं. पायलट दिवसात दहा-दहा फेऱ्या मारत असतो, त्याचं लक्ष एकदा चुकू शकतं. तुम्ही तीन बकल मोजा: दोन पायाचे, एक छातीचा. लांब कुर्ता किंवा सैल जाकीट असेल तर ते वर खोचा, म्हणजे पायाचे बकल तुम्हालाही दिसतील आणि पायलटलाही. मग तुमच्या दोन्ही बाजूंचे कॅराबिनर पायलटच्या स्प्रेडरला (दोघांना विंगशी जोडणाऱ्या पट्ट्याला) लागलेत का आणि त्यांची कुलुपं बंद आहेत का हे त्याला विचारा. "दादा, एकदा परत चेक कराल का" म्हटलं तर चांगला पायलट चिडत नाही. चिडला तर त्याच्याबरोबर उडू नका, पैसे बुडाले तरी चालतील.

कॅराबिनर

शेवटी ज्याच्यावर सगळं लटकतं ते. ॲल्युमिनियमचा कॅराबिनर बाहेरून चकचकीत असला तरी सतत कमी-जास्त ताण खाऊन आतून थकतो, आणि गेट नीट बंद नसेल तर त्याची ताकद एकदम खाली येते. बऱ्याच कंपन्या पाच वर्षांनी बदला म्हणतात, काही उड्डाणाचे तासही देतात, तुमच्या मॅन्युअलमध्ये जे आधी येईल ते धरा. सेकंड हँड हार्नेसबरोबर आलेले कॅराबिनर किती जुने आहेत हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, त्यामुळे हार्नेस घेतला की नवीन जोडी घालाच, आणि बसवल्याची तारीख इन्सुलेशन टेपच्या तुकड्यावर लिहून हार्नेसच्या आतल्या खिशात चिकटवून ठेवा.