गरुड बघून जर्मन नाण्याचा काळ कसा ओळखावा

नाणं चिंचेनं घासू नका, मोल जातं. खिडकीशी तिरकं धरून आधी गरुडाची डोकी मोजा. दोन असतील तर पवित्र रोमन साम्राज्य (सम्राटाचा द्विमुखी गरुड १४३३ पासूनचा) किंवा ऑस्ट्रिया. इथे सालावर भिस्त ठेवू नका: ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिचा थालर (चांदीचं मोठं नाणं) पुढे कित्येक वर्षं १७८० हेच साल घालून पाडला गेला.

डोकं एकच आणि वर मुकुट, छातीवर प्रशियाची ढाल? मग १८७१ नंतरचं कैसरी राज्य. ढाल मोठी, गरुड किरकोळ असेल तर नाणं १८८९ पर्यंतचं. पुढे गरुड फुगला, ढाल आक्रसली.

मुकुट गायब म्हणजे १९१९ नंतरचं वायमार प्रजासत्ताक, असं बहुतेक जण ठोकून देतात आणि फसतात. हिटलर १९३३ मध्ये आला, पण राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गच्या ५ मार्कच्या नाण्यावर १९३५ मध्येही स्वस्तिक नाही, १९३६ च्या काही नाण्यांवर आहे, काहींवर नाही.

पश्चिम जर्मनीनं १९५० मध्ये वायमारचाच गरुड परत घेतला, तेव्हा नुसत्या पिसांवरून निकाल देऊ नका, अक्षरं वाचा: ‘डॉयचेस राइश’ (जुनं जर्मन राज्य) की ‘बुंडेसरेपुब्लिक डॉयचलांड’ (पश्चिम जर्मनी).